फळमाशीला जास्त साखर दिली तर तिचं चढणं मंदावतं का? किती माश्या घ्याव्यात, किती दिवस थांबावं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारताय म्हणून सविस्तर लिहिते. मी एमएस्सीला हाच प्रयोग केला होता आणि त्यावरून गाइड सरांशी झालेला वाद इतक्या वर्षांनीही मनातून गेलेला नाही. (आपण बोलतोय ती केळ्यांवर घोंघावणारी ड्रोसोफिला. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, ती आंब्यात अळी करणारी वेगळी.)

जुलै महिना होता. साध्या खाद्यात लिटरला ५१ ग्रॅम साखर, जास्त साखरेच्या खाद्यात ३४२ ग्रॅम. मक्याचं पीठ, यीस्ट आणि खाद्य घट्ट करणारं अगर हे सगळं दोन्हींत सारखं. सातव्या दिवशी चढण्याची चाचणी घेतली. व्हायल (माश्या ठेवायची काचेची छोटी नळी) गादीवर आपटायची, माश्या तळाला पडतात आणि लगेच वर चढू लागतात, १० सेकंदांत ८ सेंटिमीटरची रेषा किती जणी ओलांडतात ते मोजायचं. साखरेवाल्या निम्म्यासुद्धा पोचल्या नाहीत. सर खूश झाले. ‘साखरेमुळे स्नायू कमजोर होतात’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत पोस्टरवर चढलं.

मला मात्र त्या माश्यांची चाल खटकत होती. थकलेली माशी चढता चढता मध्येच थांबते. माझ्या माश्या मात्र काचेवरून घसरत होत्या. एक माशी बर्फावर गार करून मायक्रोस्कोपखाली घेतली. माशीच्या पायाच्या टोकाला दोन नख्या असतात आणि त्यांच्या बुडाशी बारीक केसांच्या दोन गाद्या. गुळगुळीत काचेवर ती या गाद्यांच्या जोरावरच टिकते. पावसाळी हवेत खाद्यावर पाक सुटला होता आणि त्या केसांचे चिकटून झुबके झाले होते. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय केलं, तर पुढचे दोन पाय एकमेकांवर घासायला घेतले. घासायची, दोन पावलं टाकायची, परत घासायची.

मग दोन्ही गटांच्या माश्या दोन तास नुसत्या अगरच्या स्वच्छ व्हायलमध्ये ठेवल्या आणि चाचणी परत घेतली. फरक जवळजवळ उरलाच नाही. सरांना वही दाखवली तर म्हणाले, “पोस्टर छापायला गेलंय, आता हे कशाला उकरतेस?” पोस्टर तसंच लागलं, त्यावर माझंही नाव होतं, आणि मी गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं.

तेव्हा ‘किती दिवस’ याचं उत्तर सात नक्कीच नाही. मी प्रयोग पुढे चालू ठेवला. चौथ्या आठवड्यात पाय स्वच्छ असतानाही साखरेवाल्या मागे पडू लागल्या, म्हणजे साखर निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या वयात साध्या खाद्यावरच्या माश्याही मंदावतात. म्हणून एकाच दिवशी कोशातून बाहेर आलेल्या माश्या दोन्ही गटांत वाटा आणि दर आठवड्याला मोजा. एकाच दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढणं मला चूकच वाटतं, मग गाइड कितीही ज्येष्ठ असोत.

दुसरी गोष्ट तहानेची. इतक्या साखरेवर माशीच्या अंगातलं पाणी कमी पडतं. अशा माश्यांना वेगळं पाणी प्यायला दिलं तर त्यांचं घटलेलं आयुष्य बऱ्याच अंशी सावरतं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. मी पाण्याचा गट ठेवला नव्हता, तुम्ही ठेवा. शिवाय खाद्य गोड झालं की माशी ते कमी खाते, म्हणजे यीस्टमधलं प्रथिनही तिला कमी मिळतं. मग चाल बिघडली ती साखर वाढल्याने की प्रथिन घटल्याने? केशनळीतून द्रवरूप खाद्य देऊन ती किती पिते ते मोजता येतं. तेवढं कराच.

इन्फ्रारेड किरणांचं हालचाल मोजणारं यंत्र तुमच्याकडे असेल, तर त्याचे आकडे चढण्याच्या आकड्यांत मिसळू नका. उपाशी माशी अन्न शोधत जास्त फिरते. तिथे वाढलेला आकडा म्हणजे तब्येत सुधारली असं होत नाही. दिवसाची वेळही पाळा, कारण माशी सकाळ-संध्याकाळ चपळ असते आणि दुपारी सुस्तावते. आमच्याकडे साधा गट सकाळी आणि साखरेचा गट जेवणानंतर मोजायची पद्धत होती. तीही मीच हट्टाने बंद पाडली.

संख्येचं म्हणाल तर एका व्हायलमध्ये २० माश्या, नर-माद्या वेगळ्या, आणि प्रत्येक गटाच्या किमान ८-१० व्हायल. मोजताना एक व्हायल म्हणजे एक नमुना धरा. वीस माश्यांचे वीस नमुने धरले की फरक नसतानाही दिसायला लागतो. कार्बन डायऑक्साइड देऊन माश्या वेगळ्या केल्यात तर २४ तास चाचणी घेऊ नका. खाद्य दर दोन-तीन दिवसांनी बदला, पावसाळ्यात रोज. माझं सगळं काम एकाच वाणावर झालं, त्यामुळे चौथा आठवडा हा माझा आकडा तुमच्या माश्यांना जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. आणि व्हायलवर अ-ब असे खुणेचे कागद दुसऱ्या कुणाकडून चिकटवून घ्या. कुठल्या गटाला साखर दिली आहे, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. गाइडनाही नाही.