बदलीची बतावणी

प्रश्न असा: अमेरिकन फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू बाहेर निघाल्याचं दाखवतो, सीमारेषेच्या आतच रेंगाळतो आणि खेळ सुरू होताच सुसाट पळून लांबचा पास झेलतो. या फाउलला 'बेकायदा बदली' म्हणावं का?

मुळीच नाही. कॉलेजच्या नियमांत चेंडू खेळात येताना बारावा गडी मैदानात असला तर ती बेकायदा बदली, दंड 5 यार्ड. इथे गडी अकराच असतात, बदली झालेलीच नसते. बदलीच्या देखाव्याने प्रतिस्पर्ध्याला चकवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि दंड 15 यार्ड. चेंडू दिल्याची हूल देणं मात्र कायदेशीर. कबड्डीतला चढाईपटूही हूल देतोच. पण हूल देणारा खेळाडू म्हणून समोर उभा असतो. हा गडी 'मी आता खेळात नाही' असं भासवतो. पंचाने नेमकं तेच पाहायचं.

म्हणून 'बदलीची बतावणी' म्हणा. तमाशात गवळणीनंतर रंगते ती बतावणी, आणि पोलीस असल्याचं सांगून लुटणारे करतात तीही बतावणीच. 'कपटी प्रतिस्थापन' सुचवणाऱ्या कोशपंडितांनी तो शब्द मैदानात एकदा ओरडून पाहावा.

आणि कृपा करून 'अमक्याच्या बदल्यात तमका उतरला' असं लिहू नका! जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारीण भांडी देते. माणसाच्या जागी माणूस आला की 'ऐवजी'.

हा 'ऐवजी' काय देखणा शब्द आहे! मूळ अरबी 'इवज', म्हणजे मोबदला, एकाच्या जागी दिलेलं दुसरं. चोरीला जातो तो 'ऐवज' याच घरातला. माझं मत असं की वस्तूच्या जागी जे मोल चालतं ते ऐवज, म्हणून आधी रोकड आणि मग दागदागिने. 'ऐवज' आणि 'ऐवजी' हे शब्द वेगळे मानणाऱ्यांनी नागपूरला जावं. तिथल्या महापालिकेत कायम सफाई कामगाराच्या जागी काम करणाऱ्याला 'ऐवजदार' म्हणतात. त्याच्याजवळ दागिने नसतात, दुसऱ्याची पाळी असते. गिरणगावात त्यालाच 'बदली कामगार' म्हणत. तोही शब्द अरबीच, 'बदल'वरून आलेला. राखीव खेळाडूला 'ऐवजदार' म्हणायला मी आजपासून सुरुवात केली आहे.