मित्राने पिक्चर दाखवला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, वय 25, पुण्यात जॉब करतो. शाळेपासूनचा माझा जिगरी दोस्त मागच्या महिन्यात मला म्हणाला की तो गे आहे. मी म्हटलं ठीक आहे रे, आपल्यात काय फरक पडतो. मग त्याने मला 'बिग ईडन' नावाचा जुना अमेरिकन पिक्चर दाखवला, त्यात हेन्रीचं त्याच्या शाळेतल्या दोस्तावर, डीनवर प्रेम असतं. तेव्हापासून डोक्यात एकच, हा मला काही सुचवतोय का? आणि त्या गावात हेन्रीला कोणीच त्रास देत नाही, असं कुठं असतं का?

उत्तर : अरे, डीनवर अडकलास आणि पाइकला विसरलास! हेन्री न्यूयॉर्कहून आजारी आजोबांसाठी गावी येतो, डीनमध्ये जीव गुंतलेला असतो, पण ते काही जमत नाही, आणि इकडे गावातला दुकानदार पाइक, जो धड बोलतही नाही, तो गुपचूप स्वयंपाक शिकून रोज हेन्रीच्या घरी डबा पोचवतो आणि हेन्रीला वाटतं की जेवण गावातल्या थेअरबाईंनीच केलंय. मला तर तो डबाच सगळ्यात रोमँटिक वाटतो. त्या थेअरबाई आधी हेन्रीसाठी मुली जमवतात, मग लक्षात आल्यावर तितक्याच उत्साहाने मुलगे जमवतात, आपल्याकडच्या स्थळं सुचवणाऱ्या काकूच म्हण ना.

गाव इतकं चांगलं कसं, तर ते मुद्दामच तसं दाखवलंय असं मला वाटतं. पिक्चर 2000 चा, गोष्ट माँटानातली, आणि शेजारच्याच वायोमिंगमध्ये 1998 मध्ये मॅथ्यू शेपर्ड नावाच्या 21 वर्षांच्या गे मुलाला मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं होतं, तो नंतर हॉस्पिटलमध्ये वारला. ते सगळं ताजं असताना कोणीतरी असं गाव रंगवतं, जिथे म्हातारे लोक दुकानात बसून ह्या दोघांचं कधी जुळेल ह्याची काळजी करतात. मला ते खोटं नाही वाटत, मागणं वाटतं.

ह्या छोट्या बजेटच्या रॉमकॉममध्ये दोस्तांना एवढी जागा असते ती उगाच नाही. 2000 चाच 'द ब्रोकन हार्ट्स क्लब' बघ, लॉस एंजेलिसमधली गे मित्रांची गँग, भांडतात, सॉफ्टबॉल खेळतात, त्यात लव्हस्टोरीपेक्षा ती गँगच लक्षात राहते, कारण ज्याला घरी बोलता येत नाही त्याचं घर म्हणजे दोस्तच. 1999 च्या 'ट्रिक'मध्ये तर दोघं न्यूयॉर्कमध्ये रात्रभर फक्त एक रिकामी खोली शोधतात, आणि हे पुण्यात रूम शेअर करणाऱ्या कुठल्याही जोडप्याला लगेच कळेल.

आता तुझं टेन्शन. त्याच्या मनात काय आहे ते मी इथे बसून नाही सांगू शकत. रोहन कानवडेंचा मराठी 'साबर बोंडं', 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइज मिळालेला, त्यात वडील गेल्यावर दहा दिवस गावी आलेल्या आनंदचं लहानपणच्या दोस्तावरच प्रेम जडतं, तो कॉमेडी नाही पण नक्की बघ. तसं होऊ शकतं. पण प्रत्येक गे मुलगा आपल्या दोस्ताच्या प्रेमात असतो असं अजिबात नाही, आणि समजा असलाच तरी तुला नाही म्हणता येतं, दोस्ती ठेवून. मला वाटतं त्याने एवढी वर्षं एकट्याने बघितलेला पिक्चर पहिल्यांदा कोणाच्यातरी शेजारी बसून बघितला असेल. ह्या शनिवारी त्याला घरी जेवायला बोलव आणि सरळ विचार, तुला हाच पिक्चर का दाखवावासा वाटला, आणि मग मध्ये न बोलता ऐक.