ढोलाची थाप आणि दबणारे गाणे

प्रश्न : गणेशोत्सवासाठी आम्ही घरच्या स्टुडिओत एक गाणे ध्वनिमुद्रित केले आहे. गायिका, हार्मोनियम, बासरी आणि ढोल-ताशा अशी रचना आहे. मास्टर बसवर (सर्व ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या वाहिनीवर) कॉम्प्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारे साधन) लावला की ढोलाच्या प्रत्येक थापेला गायिकेचा आवाज मागे जातो, आणि काढला की सारे सुटे-सुटे वाटते. सेटिंग कसे ठेवावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मास्टर बसवरच्या कॉम्प्रेसरपर्यंत सर्वांचा एकत्रित सिग्नल पोहोचतो, आणि ढोलाच्या थापेत खर्जाचा जोर सर्वाधिक असल्यामुळे त्या क्षणी कॉम्प्रेसर गळ्यासकट सगळेच खाली ओढतो. म्हणून प्रथम त्याच्या साइडचेनमधील (कॉम्प्रेसर किती दाबायचे हे ज्या सिग्नलवरून ठरवतो, त्या मार्गातील) हाय-पास फिल्टर, म्हणजे खर्ज अडवणारी चाळणी, १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास लावावा. याने गाण्यातला खर्ज कमी होत नाही. कॉम्प्रेसर मात्र त्या खर्जामुळे उगाच चाळवला जात नाही.

अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (पुन्हा सोडायला लागणारा वेळ) कानाने ठरवण्यासाठी आधी मुद्दाम अतिरेक करावा. रेशो (दाबण्याचे प्रमाण) १०:१ ठेवून थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणे सुरू होते ती) इतका खाली आणावा, की मीटरवर आठ-दहा डेसिबलची घट दिसेल. आता अटॅक फार जलद असेल, तर ताशाची धार बोथट झालेली स्पष्ट ऐकू येते; बहुधा १० ते ३० मिलिसेकंदांच्या दरम्यान ती परत येते. रिलीज लयीशी जुळवावा. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल, तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते, आणि मीटरचा काटा पुढची थाप पडण्यापूर्वी बहुतांशी शून्याकडे परतला पाहिजे. ताशाच्या दाट बोलांत फार लहान रिलीज ठेवल्यास आवाज थरथरतो. हे जमले की रेशो २:१ वर आणून थ्रेशोल्ड पुन्हा वर न्यावा. सर्वांत भरगच्च जागीही घट एक ते दोन डेसिबलच असावी.

मेकअप गेन (दाबल्याने घटलेली पातळी भरून काढणारी वाढ) लावताना कॉम्प्रेसर चालू-बंद करून दोन्ही पातळ्या सारख्या कराव्यात, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. (लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीत ते चालते, मिक्समध्ये नाही.)

एवढे करूनही गळा दबत असेल, तर दोष कॉम्प्रेसरचा नसून ढोलाच्या फेडरचा (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीचा) आहे, असे माझे मत आहे. ढोल-ताशाला स्वतंत्र बस देऊन तिथेच आवरावे आणि त्यानंतर मास्टरवरचा थ्रेशोल्ड पुन्हा तपासावा.