खेळ सुटल्यावर अभिनेता, वक्ता होता येतं का? कुणी खरंच झालंय का?

तुम्ही लिहिलंय की वय 28 आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यावसायिक कबड्डी सुटली आणि घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. तुम्हाला मात्र अभिनय करायचाय, लोकांसमोर बोलायचंय. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझा खो-खो सुटला तेव्हा दोन वर्षं मी एकाही सामन्याला फिरकलो नव्हतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

होय, झालंय. टेरी क्रूजची गोष्ट सांगतो. ‘ब्रुकलिन नाईन-नाईन’ या पोलिसांवरच्या विनोदी अमेरिकी मालिकेतला तो धिप्पाड सार्जंट, जुळ्या मुलींचा हळवा बाप, तोच. 2013 ते 2021 अशी ही मालिका चालली. पण त्याआधीचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

जन्म 1968 चा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या मोटारींच्या कारखान्यांच्या गावी. चित्रकलेचा हात लहानपणापासून चांगला. व्यावसायिक खेळाडू होण्याआधी एका खुनाच्या खटल्यात कोर्टात बसून रेखाचित्रं काढायचं काम त्यानं केलं होतं. पुढे कॉलेजात अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. 1991 मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू फेरीफेरीनं निवडले, तेव्हा लॉस एंजेलिस रॅम्स या संघानं त्याला घेतलं ते 11 व्या फेरीत, 281 वा. इतक्या खालच्या खेळाडूला कुणी धरून ठेवत नाही. रॅम्स, सॅन डिएगो, वॉशिंग्टन, मध्येच जर्मनीतला एक संघ, अशी वणवण सुरू झाली. पैशांची ओढाताण व्हायची तेव्हा तो सहकारी खेळाडूंकडे जाऊन विचारायचा, तुझं चित्र काढू का? ज्यांच्याशी जागेसाठी चढाओढ, त्यांचीच पोर्ट्रेट्स रंगवून घर चालवायचं. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

1997 मध्ये खेळ संपला, वय तुमच्यापेक्षा जेमतेम एका वर्षानं जास्त. बायकामुलांना घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला. काम मिळालं ते कारखान्यात झाडू मारायचं, नंतर सुरक्षारक्षकाचं. मैदानावर ज्याच्या नावानं लोक ओरडायचे त्याच्या हातात झाडू. त्यानं तो घेतला. 1999 मध्ये मारामारीच्या खेळाचा एक टीव्ही कार्यक्रम मिळाला, मग हळूहळू सिनेमे, आणि 2005 पासून ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ मध्ये पै-पै मोजणाऱ्या बापाची भूमिका. म्हणजे झाडूपासून त्या भूमिकेपर्यंत आठेक वर्षं. घरच्यांशी बोलताना हा हिशेब लपवू नका.

आता बोलण्याचं. तो भाषणं देतो, पुस्तकं लिहितो. पण माझ्या मते तो खरा वक्ता झाला 26 जून 2018 ला, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे. एका पार्टीत कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या एका बड्या एजंटनं आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, हे त्यानं आधीच्या वर्षी जाहीर केलं होतं. समितीपुढे लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या हक्कांचा विषय होता. त्याचे वडील आईला मारायचे, आपण तसं कधीच व्हायचं नाही असं त्यानं लहानपणीच ठरवलेलं, हेही त्यानं तिथे सांगितलं. सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी विचारलं, तुम्ही एवढे ताकदवान, मग काहीच का केलं नाहीत? त्यानं सांगितलं ते असं: फ्लिंटमध्ये डिवचले गेल्यावर हात उचललेले कितीतरी काळे तरुण तुरुंगात गेले किंवा मारले गेले. कुणी कितीही चिथावलं तरी हात उगारायचा नाही, ही तयारी बायकोनं माझ्याकडून वर्षानुवर्षं करून घेतली होती.

शंभर किलोच्या वर वजनाचा माणूस, गळा दाटलेला, आणि तरी एकेक शब्द नीट. ती चित्रफीत मी नववीच्या मुलांना दाखवली. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा तास संपल्यावरही बाकावर बसून होता. मी काही विचारलं नाही, नुसता शेजारी जाऊन बसलो.

टेरीकडे खेळाव्यतिरिक्त चित्रकलेचा हात होता आणि ते त्याच्या संघातल्या पोरांना ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत ते काय आहे? संघाच्या बसमध्ये, लॉजवर, सामना हरल्यावर रात्री पोरं तुमच्याकडे कशासाठी यायची? नक्कल करून दाखवायला सांगायची, की मन मोकळं करायला बसायची? खाली लिहा. त्यावरून आधी कुठल्या नाट्यसंस्थेचं दार वाजवायचं की शाळा-कॉलेजांत बोलायला जायचं, ते नीट सांगता येईल. तुमच्या गावाजवळची कुठली शाळा बोलवेल, त्याची चौकशी मी करतो.