अपघातात पाय गेला, आता ऑफिस म्हणतंय नोकरी सोडा

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातून लिहितेय. माझे मिस्टर नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडे पर्मनंट आहेत. गाडीच्या अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता साहेब म्हणतात फील्डचं काम जमणार नाही, व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) अर्जावर सही करून द्या. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करावी का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत हो, सगळे दवाखान्यात गेले.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी सांगते, त्या अर्जावर सही करू देऊ नका. कोणी कितीही गोड बोलू दे, एकदा 'स्वखुशीने' असं लिहून दिलं की पुढं भांडणं फार अवघड जातं.

कायदा तुमच्या बाजूनं अगदी स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 म्हणतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला (यात नगरपालिकाही आली) त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं काम द्यायचं आणि तशी जागाच नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे त्याच्यासाठी तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं, जागा मिळेपर्यंत नाहीतर रिटायरमेंटपर्यंत. अपघात ड्युटीवर झाला की घरी येताना, असा भेद त्यात नाही. जुन्या कायद्यातही हे होतंच, कुणाल सिंग नावाच्या कॉन्स्टेबलचा पाय काढल्यावर त्यांना नोकरीसाठी अपात्र ठरवलं होतं, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि 2003 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

आता आयोगाचं. मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं आणि नोकरीतल्या तक्रारी सहसा तिथं घेत नाहीत. तिथं अर्ज टाकून वाट बघत बसलात तर वेळ हातचा जाईल, मला तीच काळजी वाटते. तुमचं दार पुण्याचं, दिव्यांग आयुक्तांचं. साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्यांना आहेत, त्यांनी शिफारस केली की ऑफिसला तिच्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. त्याआधी ऑफिसच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. दोन आठवड्यांत त्याची चौकशी व्हायला हवी.

आणि वकील फुकट मिळतो! दिव्यांग माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे उत्पन्नाची अट नाही, कोर्टापुरतंच नाही तर अशा प्राधिकाऱ्यांपुढच्या कामालाही. सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज करा. जाणं जमत नसेल तर 15100 वर फोन लावा. दिव्यांग प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश, पगाराची स्लिप, डिस्चार्ज कार्ड सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन ठेवा. आणि साहेबांनी सही मागितली ते कधी, कोणासमोर, तेही आजच तारखेसकट वहीत लिहून ठेवा.