विवाल्डीचा पिक्चर असा अचानक कसा काय संपला?

प्रश्न : ताई, परवा रात्री विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकारावरचा एक पिक्चर बघितला, ते 'फोर सीझन्स'चं व्हायोलिन मला लई आवडतं म्हणून. पण शेवटी तो व्हिएन्नात एकटाच मरतो, स्क्रीनवर दोन ओळी येतात अन् लगेच नावं पडायला लागतात. एवढा मोठा माणूस असा गेला? का उगं रडवायला दाखवलंय?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : उगं नाही हो, खरंच तसाच गेला. १७०३ला पाद्री झाला, केस लाल म्हणून व्हेनिसमध्ये 'लाल पाद्री' म्हणायचे, छातीच्या दुखण्यामुळं प्रार्थना चालवणं लवकरच सोडलं आणि पिएता नावाच्या अनाथाश्रमात पोरींना व्हायोलिन शिकवत बसला. म्हातारपणी व्हेनिसला त्याचा कंटाळा आला, मग व्हिएन्नाला गेला, तिथला सम्राट सहावा चार्ल्स त्याचा चाहता होता ना! पण १७४०च्या ऑक्टोबरात सम्राटच वारला आणि सुतकात थिएटरं बंद. आपल्याकडं जुनी मिल बंद पडल्यावर कामगारांचं काय झालं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तसलंच. २८ जुलै १७४१ला एका खोगीरवाल्याच्या विधवेच्या घरात, भाड्याच्या खोलीत गेला, वय ६३, अंत्यविधी अगदी स्वस्तातला.

माझी तक्रार वेगळीच आहे, पिक्चर चुकीच्या जागी संपवला. गेल्यावर लोक त्याचं संगीत विसरलेच होते, खरा शेवट १९२६नंतरचा, इटलीत. एका धार्मिक शाळेला दुरुस्तीला पैसे पाहिजे होते म्हणून त्यांनी जुनी बाडं विकायला काढली आणि किंमत ठरवायला तुरीनच्या लायब्ररीला विचारलं. तिथल्या अल्बेर्तो जेंतीली या प्राध्यापकानं उघडून बघितलं तर विवाल्डीच्या संगीताची हस्तलिखितं, पण खंडांचे नंबर मधूनमधून गायब! म्हणजे उरलेला अर्धा माल दुसरीकडं कुठंतरी असणार. तो जेनोव्हात एका सरदार घराण्याकडं सापडला.

लायब्ररीकडं दमडी नव्हती. पहिला भाग एका शेअर दलालानं घेऊन दिला आणि दुसरा, हे आपल्या सोलापूरकरांनी ऐकावं, एका कापड कारखानदारानं. दोघांचीही लहान लेकरं वारली होती. आज तुरीनला ते संग्रह त्या पोरांच्याच नावानं आहेत, मौरो फोआ आणि रेंझो जोर्दानो.