स्वस्त घर, पण कामावर जायचं कसं?

शहराबाहेर स्वस्त घर मिळतं, पण तिथून रोज कामावर पोचायचं कसं? महिनाभरात कोल्हापूर आणि आसपासहून आलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ हेच आहे. त्यातल्या सहा प्रश्नांना इथं उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही राजेंद्रनगरात राहतो. मी नागाळा पार्कात चार घरची धुणीभांडी करते, मालक लक्ष्मीपुरीत हमाली करतात. शहराबाहेर नऊ किलोमीटरवर सरकारी योजनेतला फ्लॅट मिळतोय. पण तिथनं यायचं म्हणजे आधी वडाप (शेअर जीप), मग रिक्षा. घर घ्यावं का?

ताई, घराच्या हप्त्याशेजारी प्रवासाचा हिशेब मांडा. वडापला 20 आणि शेअर रिक्षाला 15 रुपये धरले, तर एका बाजूचे 35 होतात. जाऊन-येऊन 70. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरले तर 1,820 रुपये, वर्षाचे 21,840.

पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला अशा घरासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असं अडीच लाखांचं अनुदान आहे. तुमच्या एकटीच्या भाड्यातच ते साडेअकरा वर्षांत संपतं. मालकही त्याच वाटेनं येणार म्हटल्यावर सहा वर्षंही पुरत नाही. शिवाय येण्याजाण्यात दोन तास गेले, तर चारपैकी एखादं घर सुटेल, ते वेगळंच.

तरीही नाहीच म्हणा, असं मी सांगणार नाही. या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या फरशा पुसल्या, तिच्या नावाचा उतारा ही लहान गोष्ट नव्हे. पण सही करण्याआधी एका सोमवारी सकाळी साडेसहाला त्या जागेवर जाऊन उभ्या राहा. किती गाड्या आल्या आणि त्यांत जागा होती का, ते वहीत लिहा. परतीची वेळही तशीच बघा. मग तुमच्यासोबतच्या सगळ्या लाभार्थ्यांच्या सह्या घेऊन लेखी विचारा, की ताबा देणार त्या दिवशी बस सुरू असेल का? ताबा घेतल्यावर हे विचारून उपयोग होत नाही.

प्रश्न : मी निवृत्त कारकून, राजारामपुरीत राहतो. केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बस, आधीच तोट्यात आहे. माणसं नसलेल्या मार्गावर गाड्या पळवून आमच्या घरफाळ्याचा पैसा का घालवायचा?

काका, रंकाळ्यावरच्या दिव्यांनी वर्षाला किती कमावलं, असं आपण विचारत नाही. रस्त्याला तोटा झाला असंही कुणी म्हणत नाही. बसच्या बाबतीत मात्र तिकिटातून जे निघत नाही त्याला आपण तोटा म्हणतो आणि सगळी चर्चा तिथंच थांबते.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि उरलेली रक्कम राज्य सरकार एसटीला भरून देतं. 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे. हे दोन्ही निर्णय एसटीपुरते आहेत. कागलहून एसटीनं आलेल्या बाईचं अर्धं भाडं राज्य सोसतं. तीच बाई मध्यवर्ती स्टँडवर उतरून शहर बसमध्ये चढली, की तिच्या पुढच्या प्रवासात राज्याचा वाटा नाही. हा भेद मला पटत नाही. शहर बसलाही तशीच भरपाई मिळावी, ही मागणी आमदारांकडं घेऊन जायला हवी, महापालिकेकडं नव्हे.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. कोल्हापूरला 100 ई-बस मंजूर आहेत म्हणतात. त्या आमच्या वाट्याला येणार, का ताराराणी चौक ते रंकाळा एवढ्यातच फिरणार?

याचं उत्तर कंत्राटात दडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या गाड्या ज्या योजनेतल्या, त्या पीएम ई-बस सेवा योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं 16 ऑगस्ट 2023 ला मंजुरी दिली. देशभरात 10,000 गाड्या, एकूण अंदाज 57,613 कोटी, त्यात केंद्राचे 20,000 कोटी. गाडी आणि चालक ठेकेदाराचा. त्याला पैसे मिळतात ते किलोमीटरवर, आत पाच माणसं असोत की पन्नास. केंद्राचा आधारही किलोमीटरमागेच आहे : बारा मीटरच्या गाडीला 24 रुपये, नऊ मीटरच्या गाडीला 22 आणि सात मीटरच्या गाडीला 20, दहा वर्षांसाठी.

समजा नऊ मीटरच्या गाडीचा ठेका किलोमीटरला 60 रुपयांनी ठरला. हा आकडा फक्त समजावण्यापुरता. केंद्राचे 22 आले, तिकिटातून 25 आले, तर उरलेले 13 महापालिकेनं घालायचे. दिवसाला 180 किलोमीटर धरले तर एका गाडीमागे वर्षाला साडेआठ लाखांच्या आसपास जातात. आता खरा मुद्दा. अशा ठेक्यात दिवसाच्या किमान किलोमीटरची हमी दिलेली असते. गाडी त्याहून कमी चालवली, तरी त्या न चाललेल्या किलोमीटरचे काही पैसे ठेकेदाराला द्यावेच लागतात. म्हणजे संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर गाडी डेपोत लावली, की महापालिका उभ्या गाडीचे पैसे मोजते. तेच किलोमीटर रात्री सव्वाबाराच्या शिरोली फेरीला वापरले, तर वाढीव खर्च वाटतो त्यापेक्षा बराच कमी पडतो.

म्हणून ‘आम्हाला गाडी द्या’ एवढंच म्हणू नका. ‘हमीच्या किलोमीटरपैकी रोज किती वापरले जातात ते दाखवा आणि उरलेल्यात आमच्या दोन फेऱ्या बसवा’ असं म्हणा. अधिकाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याचं उत्तर त्याच्या रोजच्या हिशेबात असतं. आणि कारखानदारांनाही सोडू नका. त्यांना रात्रपाळीला माणूस हवा असेल, तर त्या फेरीचे मासिक पास त्यांनी एकगठ्ठा घ्यावेत.

प्रश्न : पाचगावातून लिहितोय. आसपासची गावं महापालिकेत घ्यायला, म्हणजे हद्दवाढीला, गावांचा विरोध, म्हणून ‘मग केएमटी कशाला पाहिजे’ असं ऐकवलं जातं. आम्ही काय करायचं?

हे ऐकवणं बरोबर नाही. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव इथं राहायला गेलेली माणसं हौसेनं गेलेली नाहीत. शहरात भाडं परवडत नाही म्हणून गेली. सकाळी ती शहराच्याच कामाला येतात, शहराच्याच दुकानात खर्च करतात. हद्दवाढ व्हावी की नको, हा वेगळा वाद आहे. त्यात कामावर जाणाऱ्या माणसाची बस ओलीस ठेवू नये.

पण गावांनीही ‘बस महापालिकेची, पैसेही तिनंच घालावेत’ म्हणू नये. पुण्यात पीएमपीची तूट पुणे महापालिका 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के भरते. दोन्ही वेगळ्या संस्था, तरी बस एक. आपल्याकडं 2017 साली 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. या गावांतल्या बांधकामांवर विकास शुल्क घेतलं जातं. इमारती उभ्या राहतात म्हणूनच बसची गरज वाढते, तर त्या शुल्कातला ठरावीक वाटा बससाठी बाजूला काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित भाग (कशावर खर्चायचा ते गावानं ठरवायचा) थांबे, शेड, दिवे यांसाठी वापरता येतो. निदान तेवढा ठराव या ग्रामसभेत करून घ्या.

प्रश्न : आमचं घर सुतारवाड्यात. दर पुरात पहिल्यांदा आम्हाला हलवतात. कायमचं पुनर्वसन लांब झालं तर?

2019 आणि 2021, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणून दोन गोष्टी बघा. जागा तर कोरडी हवीच, पण तिथून शहरात येणारा रस्ताही पुरात चालू राहणारा हवा. नाहीतर घर वाचेल आणि रोजगार बुडेल. लांब जायची वेळ आलीच, तर पहिल्या दोन वर्षांचे बस पास पुनर्वसनाच्या खर्चात धरा, अशी मागणी करा.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकते. घर आणि बस यांना एकत्र पैसा देण्याची पद्धत जगात कुठं आहे का? आणि इथं सुरुवात कुठून करायची?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. तिथं उद्योगांना कार्बन सोडण्याचे परवाने सरकारी लिलावात विकत घ्यावे लागतात. त्या लिलावाच्या उत्पन्नातला 20 टक्के वाटा 2014 च्या कायद्यानं परवडणारी घरं आणि त्यांना जोडणारी वाहतूक यांसाठी राखला गेला. मला त्यातली अर्जाची रीत आवडते. घरं बांधणारा आणि वाहतूक चालवणारा मिळून एकच अर्ज करतात. त्यात इमारत असते, तशीच बस, पदपथ आणि भाडेकरूंचे पासही असतात.

आपल्याकडं घराचा पैसा एका खात्यात, गाडीचा दुसऱ्या आणि रस्त्याचा तिसऱ्याच खात्यात. गेल्या पावसाळ्यात मी एका नव्या वसाहतीच्या फाट्यावर सकाळी सहाला उभी होते. बायका चिखल तुडवत येत होत्या. प्रत्येकीच्या हातात डबा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कामावर घालायच्या कोरड्या चपला. फाट्यावर आल्या की पाय धुवायचे, चपला बदलायच्या. गाडी आली, पण ती आत वसाहतीपर्यंत जात नव्हती. का, तर आत वळायला जागाच सोडलेली नव्हती. बारा मीटरच्या गाडीला एका दमात वळायला साधारण 25 मीटर रुंदीची मोकळी जागा लागते. नकाशा मंजूर करताना कुणी एक रेघ ओढली असती, तरी काम झालं असतं.

तेव्हा सुरुवात अशा एखाद्या वसाहतीपासून करा. चार मैत्रिणी घ्या आणि घरोघरी तीनच गोष्टी विचारा : कामाला कुठं जाता, किती वाजता निघता, किती वाजता सुटता. आलेली उत्तरं तासांप्रमाणे एका पानावर मांडा. महापालिकेचं आणि परिवहनचं अंदाजपत्रक 31 मार्चच्या आत मंजूर व्हावं लागतं, पण आकडे डिसेंबरपासूनच पक्के होत जातात. म्हणून ते पान दिवाळी झाली की परिवहन व्यवस्थापकांकडं द्या आणि पोच घ्या. आतल्या रस्त्यासाठी दुसरी प्रत जिल्हा नियोजन समितीकडं द्या. वसाहत दलित वस्तीत मोडत असेल, तर नागरी दलित वस्ती सुधारणेचा निधी तिथूनच येतो, आणि त्यातून रस्ता करता येतो. तिसरी प्रत मला पाठवा. ती मी याच सदरात छापेन.